चिमणी घोडीवरचा आरोप

१

घोडी वेळेवर आली, घोडीवाली आली नाही.

डिसेंबरातला शुक्रवार होता. हिंगणीत झाड्यांच्या अंकितचं लग्न. ताशेवाले जाळावर ताशे तापवत होते, नवरदेवाला बाशिंग बांधणं चाललं होतं, आणि मी, नत्थूजी उरकुडे, गावचा पोलीस पाटील, बंदोबस्त पाहत मांडवात फिरत होतो. बंदोबस्त म्हणजे जिलेबी कोणत्या कोपऱ्यात तळताहेत ते पाहणं. पावणेदहाच्या सुमारास धरणाकडच्या रस्त्याने चिमणी घोडी चालत आली. पाठीवर जरीची झूल, कपाळावर गोंडा, लगाम मानेवर लोंबत असलेला. मांडवाच्या दारात येऊन ती शहाण्यासारखी थांबली आणि भिजवलेल्या चणाडाळीचं ताट कुठे आहे ते शोधू लागली. पाठीवर कोणीच नव्हतं.

चिमणी हे नाव तिला कोणी ठेवलं देव जाणे. उभी राहिली की ग्रामपंचायतीच्या खिडकीतून आत डोकावते. जिजाबाई उईके आणि तिची मुलगी रीना, दोघीच बाया, धरणाच्या पायथ्याशी टोलीत, गावाबाहेरच्या छोट्या वस्तीत, राहतात. सुट्टीत धरणावर आलेल्या पाहुण्यांना चिमणीवर फिरवायचं आणि लग्नसराईत वराती करायच्या, यावर त्यांचं घर चालतं. जिजाबाई आमच्याशी आमच्यासारखी बोलते, घोडीशी मात्र गोंडीत बोलते. आम्ही त्या दोघींच्या मध्ये पडत नाही.

"रीना कुठी हाय वं?" नवरदेवाच्या आईने घोडीलाच विचारलं.

उत्तर पाच मिनिटांनी अमरच्या दुधाच्या गाडीतून आलं. रीना पुढच्या सीटवर बसली होती, अंगभर धूळ, डावा हात छातीशी धरलेला. मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं.

"कोन्या गाडीनं पाडलं पोरी?" मी विचारलं.

"मालूम नाई काका. मांगून आली. मी नालीत तोंडावर पडली. मान वर केली तवा गाडी वळनाआड गेलती."

"मंग मारलं कुठी? घोडीले लागलं का?"

"तेच त समजून नाई राह्यलं. मारलं नाईच. कोनी गादी घेऊन ढकलल्यावानी वाटलं."

गादी! माझ्या पंचवीस वर्षांच्या पाटीलकीत गादीने झालेला हा पहिलाच अपघात. मी चिमणीला चारी बाजूंनी तपासलं. ओरखडा नाही, सूज नाही, झुलीची एक जरही उसवलेली नाही. रीनाला सेलूच्या दवाखान्यात पाठवलं आणि मागे वळलो, तोवर गर्दीतून कोणीतरी म्हणून गेलं, "गाडीगिडी काई नाई. घोडीच बिथरली असन." दुपारच्या पंगतीपर्यंत त्या 'असन'ची पक्की बातमी झाली.

२

पंगत उठताच सरपंच समीक्षाताई ढगे यांनी मला बोलावून घेतलं. बाई सरळ आहेत, पण लोकांच्या ओरडण्याला भितात.

"नत्थूजी, रविवारी ग्रामसभा हाय. घोडी रस्त्यावर बंद करा, असा ठराव मांडून राह्यले लोक. आज रीना पडली, उद्या कोन्या लेकराले तुडवन म्हनतात. गाडीवाला सापडला त ठीक, नाई सापडला त मी कोनाकोनाचं तोंड धरू?"

रस्ता बंद म्हणजे सगळंच बंद. टोलीतून बाहेर पडायला तो एकच डांबरी रस्ता, एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला नाली. आर्वीकडचा एक माणूस चिमणीला दोनदा विकत मागून गेला होता. जिजाबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "घोडी गेली त घरात दोन बाया आन एक खुटा राह्यते, पाटील." त्यानंतर मला काहीच गोड लागलं नाही. जिलेबीसुद्धा.

सेलूच्या ठाण्याचं काम ठाण्यावर सोडून मी माझं काम सुरू केलं. धरणाच्या फाट्यावर कांताबाईची चहाची टपरी आहे. तिच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय तिथून कुत्रंही पुढे सरकत नाही.

"नऊ वाजल्यावर घोडी गेली," कांताबाई म्हणाली. "मंग जंगलातून पाहुने घेऊन ऋतिकची जीप. मंग अंकुशची कापसाची गाडी. शेवटी अमरची दुधाची. बस, तीनच."

तीन गाड्या, तीन माणसं. अंधार पडायच्या आत मी टेप घेऊन तिन्ही गाड्या मोजल्या. ऋतिकची उघडी जीप, टपाशिवाय, माझ्या छातीएवढी उंच. आरसे शाबूत. अमरच्या गाडीचा पत्र्याचा डबा जुन्या पोच्यांनी एवढा भरलेला, की नवा पोचा आला तरी त्याला जागा मिळायची नाही. अंकुशची पिकअप सेलूच्या जिनिंगमध्ये रिकामी होऊन अंगणात धुऊन पुसून उभी होती. आरसे लख्ख, रंगावर रेघ नाही. अंकुश मोहता जेवायच्या आधी गाडीला हार घालणारा माणूस. त्याच्या चाकाखाली आजवर कोंबडी आली नाही.

घोडीवर बसलेल्या रीनाचा गुडघा जमिनीपासून चार फुटांवर येतो. कोणतीही गाडी इतकी जवळून गेली असती तर आधी तिचा आरसा रीनाच्या गुडघ्यावर आपटला असता. गुडघा ठीक, आरसे ठीक. माझा हिशेब इथेच अडला.

गावाचा मात्र अडला नाही. रात्रीच्या जेवणाआधीच चौकात निकाल लागला होता: घोडी नसेल, तर अमर. "नाई पाडलं, त उचललं काऊन? मनात चोर असल्याबिगर कोनी एवढं करते का?"

३

ज्या बाईकडून मी टेप आणला होता, तिला तो परत करायला शनिवारी सकाळी गेलो. आनंदाबाई वांदिले. गेली चाळीस वर्षं गावाचे ब्लाउज, शाळेच्या चड्ड्या, कापसाच्या बोऱ्या, गाडीतला कापूस बांधायच्या कापडी पाली, सगळं त्यांच्याच मशीनखालून जातं. चष्मा नाकाच्या टोकावर आणि जीभ त्याहून टोकदार.

त्यांच्या मांडीवर एक लाल स्वेटर होतं. डावी बाही कात्रीने उभी कापलेली.

"रीनाचं हाय," त्या म्हणाल्या. "प्लास्टर चढवासाठी दवाखान्यात बाही कापली. मी जोडून देतो म्हटलं. नत्थूजी, इकडं या. हे पाहा."

मी पाहिलं. स्वेटर होतं.

"उजव्या खांद्यावर पाहा न मानूस!"

उजव्या खांद्यावर आणि पाठीवर पांढरे तंतू घट्ट रुतले होते, वाळलेल्या पानाच्या बारीक चुऱ्यासकट. कापूस.

"ह्यात काय विशेष?" मी म्हणालो. "डिसेंबरात माह्या दाढीतबी कापूस सापडते. नालीत पडली, नालीत कापूस असतेच."

"पोरगी पडली कोन्या अंगाले?"

"डाव्या."

"मंग नालीतला कापूस उजव्या खांद्यावर चढून बसला काय?"

मी स्वेटर उलटून पाहू लागलो. आनंदाबाईंनी मशीनवर कापड झाकलं, पायांत चपला घातल्या आणि मला पुढे घालून थेट टोलीत आल्या. रीना खाटेवर बसून एका हाताने चिमणीला कडबा भरवत होती.

"बाई, नेमकं कुठी लागलं ते हात लावून सांगजो," आनंदाबाई म्हणाल्या.

रीनाने उजव्या हाताने उजवा खांदा दाखवला, मग पाठ. "अथी. एकदम लागलं नाई मावशी, टेकलं आन मंग रेटत गेलं. पायाले काईच नाई."

"घोडीले?"

"घोडी त जागची हलली नाई. मी पडल्यावर थोडी थांबली, मंग ताशाचा आवाज आला तिकडं गेली. तिले वाटलं का मी मांगून येतो." रीनाचे डोळे भरून आले. "लोकं म्हनतात बिथरली. मावशी, इच्या कानापाशी हजाराची लड फुटते, तरी हे उभी राह्यते. ज्या घोडीनं हजार वराती केल्या, ते हॉर्नले भिईन का?"

आनंदाबाईंनी मला घोडीशेजारी उभं करून टेप वर धरला. घोडीवर बसलेल्या रीनाचा खांदा रस्त्यापासून साडेसहा-सात फुटांवर येणार, असा हिशेब निघाला.

"खाली काई लागलं नाई, वर लागलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हंजे खाली अरुंद आन वर घेरदार. नत्थूजी, असा कपडा कोनता?"

"परकर?"

"परकर खाली घेरदार असते. तुमच्या बायकोले सांगू का?"

४

मग त्यांनी तिघांना भेटायचं ठरवलं. प्रश्न त्या विचारणार, मी पोलीस पाटील म्हणून खाकरणार.

ऋतिक जीप पुसत होता. त्याच्याबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट होतं. पोरगा वळणावर असा वळतो, की जीपपेक्षा त्याचे पाहुणेच आधी गावात पोचतात.

"काकू, आईशप्पथ मी नाई! आदी मारत होतो मी घोडीजवळून कट, खोटं नाई बोलत. पन शुक्रवारी पाहुने म्हनाले, घोडी पाहाची हाय, हळू घे. पार त्या बाजूनं घेतली गाडी. हा पाहा फोटो, त्याईनंच पाठवला." मोबाईलवर मागे राहिलेली चिमणी दिसत होती, आणि तिच्यावर ताठ बसलेली, हात हलवणारी रीना. जीप पुढे निघून गेली तरी रीना घोडीवरच होती. मला मनापासून वाईट वाटलं. ऋतिक सुटला याचं नव्हे, मला तो सुटायला नको होता याचं.

अमर तर दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"उचललं हेच चुकलं माहं. नालीतून आवाज आला, थांबलो, पन्नास लिटर दूध नासलं, त्याचं काई नाई. पन आज सकाळी दोन घरांनी मले म्हटलं, तुह्यं दूध नको. पुढं कोनी पडलं त मी पाहीन बी नाई, लिहून घ्या पाटील!"

"तू पाह्यशीन," आनंदाबाई म्हणाल्या. "तुह्याच्यानं राहवनार नाई. उद्या सभेले येजो, मान वर करून." अमरने दार थोडं उघडलं.

राहिला अंकुश. तो पिकअपमध्ये पुढच्या खेपेचा कापूस भरत होता. शेतातले दोघे गडी वर चढून कापूस तुडवत होते.

"मी पाह्यलं न रीनाले," तो लगेच म्हणाला. "घोडी म्हनून हॉर्नबी देल्ला नाई. गाडी हळू केली. आरशापासून तिच्या पायापर्यंत चांगली दीड फूट जागा सोडली आन निघालो. तवा चांगली बसलेली होती."

"आन पुढं निघाल्यावर? आरशात मांगचं काय दिसलं?"

"भरल्या गाडीत मांगचं काय दिसते काकू?" अंकुश हसला. "पांढरं."

तो खोटं बोलत नव्हता. माणूस खोटं बोलतो तेव्हा मला कळतं, निदान निम्म्या वेळा तरी कळतं. मी निराश होऊन परत फिरलो. फोटोने ऋतिक सुटला, अंकुशच्या गाडीवर रेघ नाही, आता बिचारा अमर तरी, नाहीतर घोडी तरी. उद्या दहा वाजता सभा.

आनंदाबाई मात्र अंकुशच्या गाडीकडे पाहत उभ्याच होत्या. चेहरा पार उतरला होता. चाळीस वर्षांत मी त्या बाईला असं पाहिलं नव्हतं.

"नत्थूजी," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या गुन्ह्यात माही बी सुई हाय."

"म्हंजे?"

"उद्या सांगतो. तुमी फक्त एक काम करा. सकाळी घोडीवर बसा."

५

मी आयुष्यात एकदाच घोडीवर बसलो होतो, स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हा माझं वजन आजच्या निम्मं होतं.

रविवारी ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव जमलं. जिजाबाईने लगाम धरला, चौघांनी मला चढवलं. चिमणीने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. माझ्या डाव्या हाताला आनंदाबाईंनी कडब्याच्या पेंढ्या रचून घेतल्या होत्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

"ह्या मानसानं शुक्रवारी तिन्ही गाड्या मोजल्या," आनंदाबाई लोकांना म्हणाल्या. "इमानदारीनं मोजल्या. पन खुंटीवरचा ब्लाउज मोजून कोठं तंग होते ते समजत नाई. बाई अंदर गेल्यावर समजते. अंकुश, गाडी सेलूले जाले भरून तयार हाय न? तशीच आन. शुक्रवारी रीनाले जशी जागा सोडली, तशीच सोड. बैलाच्या चालीनं."

ऋतिक टेप धरून माझ्या गुडघ्यापाशी उभा राहिला. अंकुशची गाडी मागून आली. आरसा माझ्या गुडघ्यापासून दीड फुटावरून गेला. "बराबर दीड!" ऋतिक ओरडला आणि उडी मारून बाजूला झाला. केबिन गेली. काहीही झालं नाही. मी लोकांकडे पाहून मिशीवर हात फिरवला.

आणि माझ्या उजव्या खांद्याला काहीतरी टेकलं. लागलं नाही, नुसतं टेकलं. मऊ, गार, गादीसारखं. मग ते सरकत सरकत पुढे रेटत गेलं. धरायला काही सापडेना, सापडलं ते कापसात रुतत गेलं. नंतरची आठवण कडब्याची आहे.

पेंढ्यांतून डोकं वर काढलं तेव्हा चिमणी जागच्या जागी उभी होती. गाव पोट धरधरून हसत होतं. गाडी वीस पावलं पुढे जाऊन थांबली होती आणि अंकुश खाली उतरून येत होता.

"काय झालं? काऊन हासून राह्यले सारे?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आन पाटील कुठी गेले?"

हसणं एकदम थांबलं.

त्याला काहीच कळलं नव्हतं. पंच्याऐंशी किलोचा पोलीस पाटील त्याच्या गाडीने घोडीवरून उचलून फेकला, आणि त्याला ना दिसलं, ना हिसका बसला, ना आवाज आला.

"पाहा," आनंदाबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या वक्ती अंकुश मले म्हने, काकू, यंदा पालीचा घेर वाढवून द्या, दोन खेपांचा कापूस एका खेपेत जाईन. मी वाढवून देल्ला. आता भरली का पाल दोन्ही अंगानं आरशाच्याबी पावनेदोन फूट बाहेर फुगते. खाली नाई, वर, घोडीवाल्याच्या खांद्याबराबर. त्यानं दीड फूट सोडली, आन कापूस पावनेदोन फूट बाहेर. पाव फुटानं पोरगी पडली. आरशात त्याले नुसतं पांढरं दिसते, ते किती बाहेर आलं ते दिसत नाई. आन पत्र्यावर रेघ कशी येईन? जे लागलं ते शुक्रवारी दुपारीच जिनिंगात उतरलं. नत्थूजीनं मोजली ते रिकामी गाडी होती."

अंकुश भरल्या गाडीकडे पाहत राहिला. मग रस्त्यातच मटकन खाली बसला. "मीच?" तो म्हणाला. "मी काल रीनाले पाहाले गेलतो. मी म्हटलं, कोन हाय तो हरामखोर जो थांबला बी नाई."

६

पुढचं पटापट झालं. समीक्षाताईंनी सगळ्यांसमक्ष अमरची माफी मागितली आणि ज्या दोन घरांनी दूध बंद केलं होतं त्या घरांची नावं न घेता त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं, की दोन्ही घरं आपणहून दूध सुरू कर म्हणाली. घोडीबंदीचा कागद फाडला. दुसरा ठराव झाला: घोडी दिसली की गाडी हळू, हॉर्न नाही, आणि जाताना पुरता एक माणूस हात पसरून मावेल एवढी जागा. "कापूस नसता तरी दीड फूट म्हंजे काई जागा नाई," आनंदाबाईंनी सुनावलं. "जनावरानं माशी उडवाले पाय उचलला, का संपली." मग त्यांनी कात्री मागवली आणि कापूस खाली उतरवून, स्वतः घातलेला घेर स्वतःच्या हाताने उसवून टाकला. चाळीस वर्षांतली त्यांची पहिलीच दुरुस्ती, जी त्यांनी माप न घेता केली.

अंकुश जिजाबाईच्या पाया पडला. दवाखान्याचं काय असेल ते मी भरतो, म्हणाला.

"ते त भरशीनच," जिजाबाई म्हणाली. "पन पोरीचा हात जुळाले सहा हप्ते लागतात. तवरोक घोडी कोन धरन? रोज सकाळी येजो. टोलीपासून गावापर्यंत चिमनीले धरून पायी चालजो. गाडीत बसून रस्ता लय पाह्यला, आता अंगानं पाह्य."

आणि तो गेला. सोमवारी सकाळी चिमणीचा लगाम धरून अंकुश पहिल्यांदा त्या रस्त्याने चालला. मी आनंदाबाईंकडे चहाला बसलो होतो. मनातून फार सुखी होतो, खटला माझ्या नावावर निकाली निघाला होता, आणि पडलो मी असलो तरी मानानेच पडलो होतो. तेवढ्यात तो आला. तोंड पांढरंफटक.

"काकू, मले मालूमच नव्हतं! पायी चाललं का गाडी केवढी मोठी वाटते! चार तरी इतक्या जवळून गेल्या. आन एकानं त आमच्या कानापाशी येऊन एवढ्यानं हॉर्न मारला, का चिमनीपेक्षा मीच उडालो."

माझ्यातला पोलीस पाटील जागा झाला. ठरावाची शाई वाळली नव्हती अजून! "कोन होता? नाव सांग. आत्ताच्या आत्ता बोलावतो."

अंकुश पायांकडे पाहू लागला. रीना मागून प्लास्टर सांभाळत येत होती, तिने ओढणी तोंडाशी धरली.

"सांग न गा! भिऊ नको कोनाले."

"काळी फटफटी होती," अंकुश म्हणाला. "हॉर्न मारला, हात वर केला, म्हने, रामराम अंकुश."

आनंदाबाईंनी कपातला चहा सावकाश संपवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्या सकाळी टोलीकडून आलो होतो, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. खरं सांगतो, मला वाटलं होतं की मी प्रेमाने वाजवला.

"काका," रीना म्हणाली, "रामराम कराचा असन त उतरून करत जा न."

दुसऱ्या दिवशी बाभळीच्या वळणावर समोर घोडी दिसली. मी फटफटी बंद केली, खाली उतरलो, रस्त्याच्या पार त्या कडेला उभा राहिलो, आणि अंकुशला, रीनाला आणि चिमणीला, तिघांनाही वेगवेगळा रामराम घातला.